दीड वर्ष योगा केला तरी मी होती तशीच, सोडून देऊ का?

"ताई, नमस्कार. वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहून राहिली आहे, वय ३७. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तूर. मागच्या वर्षी २१ जूनला आमच्या गावच्या प्रार्थना मंदिरात योगाचा वर्ग सुरू झाला, तेव्हा आम्ही २२ बाया होतो, आता तिघीच उरलो. दीड वर्षापासून करून राहिली पण अजून हात पायाच्या बोटांले लागत नाही. मिस्टर म्हणतात, दिवसभर वावरात वाकतेस, तुले योगा कायले पायजे? आता वेचणी सुरू आहे तर महिना झाला, सकाळी जाणंच होत नाही. आणि मागच्या आठवड्यात शेजारच्याच्या शेळ्या आमच्या तुरीत घुसल्या, सासूबाईंचं लक्ष नव्हतं, मी त्यांच्यावर एवढी ओरडली की गल्लीतले लोक बाहेर आले. ओरडता ओरडताच मला कळलं की मी श्वास धरून ठेवला आहे. मग चूप झाली, पण रात्री खूप रडली. वर्गात सांगतात योगानं मन शांत होते, माझं तर काहीच झालं नाही. मी होती तशीच आहे ना ताई? मिस्टरही आजकाल रात्री झोपत नाहीत, त्यांना योगाला लावावं म्हणते पण ऐकत नाहीत. सोडून देऊ का हे सगळं?"

बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तुला तू म्हणून राहिले, माझ्या धाकट्या बहिणीपेक्षाही लहान आहेस, राग मानू नको.

तिन्ही वेळा मी एकाच वाक्यावर थांबले. हात बोटांना लागत नाही त्यावर नाही, २२ च्या तीन राहिल्या त्यावरही नाही. तू लिहिलंस की ओरडता ओरडताच मला कळलं की मी श्वास धरून ठेवला आहे. हे तू असं मधातच लिहून टाकलंस, शेळ्या आणि रडणं यांच्या मधात, आणि समोर निघून गेलीस. मला वाटते तुला कळलंच नाही की तू काय लिहिलं.

जरा आठव, दोन वर्षांपूर्वी असं भांडण झालं असतं तर काय झालं असतं. तू ओरडली असती, सासूबाई ओरडल्या असत्या, मग त्यांच्या माहेरावर, मग तुझ्या माहेरावर, मग लग्नातलं आंदण निघालं असतं, आणि संध्याकाळी दोघी दोन तोंडाला. श्वास कुठं होता, छाती कशी झाली, दात आवळले होते का, हे कोणाला कळते गं भांडणात? पण दीड वर्ष रोज सकाळी कोणीतरी तुला सांगून राहिलं की श्वास रोखू नका, वाकताना सोडा, उठताना घ्या. ते ऐकून ऐकून तुझ्या आंगाला सवय लागली. श्वास अडकला की आतून कोणीतरी सांगते, अडकला. तेच त्या दिवशी झालं, आणि तेही सतरंजीवर बसून नाही, आंगणात, शेळ्या तुरीत घुसलेल्या असताना, गल्ली जमा झालेली असताना. आणि कळल्याबरोबर तू चूप झालीस, हेही तूच लिहिलं आहेस.

तू होती तशीच नाहीस बाई.

राग आला म्हणून योगा वाया गेला, हा हिशेब मला पटत नाही. राग येणार. तूर खाल्ली तर राग येणारच, वर्षाचं वरण आहे ते. योग करणाऱ्याला राग येत नाही असं जे कोणी सांगते त्यानं वेचणीच्या दिवसांत आठ दिवस आपल्याकडे राहून दाखवावं. अभ्यासानं काय होते तर राग आणि आपण यांच्यात एवढीशी फट पडते, बोट जाईल एवढी. तुझी फट ओरडण्याच्या मधात पडली. पुढच्या वेळी कदाचित पहिल्या शब्दानंतर पडेल, मग कधीतरी पहिल्या शब्दाच्या आधी. कधी पुन्हा उशिरा पडेल, तेही होते.

माझं सांगते. मी हे शिकले नागपुरात, मावशीकडे राहायला होते तेव्हा. रामनगरला जनार्दनस्वामींचं योगाभ्यासी मंडळ आहे, स्वामींनी १९५१ मध्ये सुरू केलेलं, तिथं शिकवायचे पैसे घेत नाहीत. तिथं मला चांगलं शिकवलं, सावकाश शिकवलं. पण मी तरुण होते, मला लवकर पाहिजे होतं सगळं. नंतर लग्न होऊन इकडे आले, आणि काही वर्षांनी एका शहरात दहा दिवसांचं शिबिर होतं तिथं गेले. पश्चिमोत्तानासन चालू होतं, पाय लांब करून बसायचं आणि पुढं वाकून डोकं गुडघ्याला लावायचं ते. माझं डोकं गुडघ्याच्या वीतभर वर होतं, आणि मला चांगलं आठवते, तिथं श्वास थांबला. आंग म्हणून राहिलं होतं, बस. शिकवणारे मागून आले, पाठीवर दोन्ही हात ठेवले आणि दाबलं. मी नाही म्हणू शकले असते. म्हटलं नाही, कारण बाजूच्या ओळीतल्या बाया पाहून राहिल्या होत्या आणि एकीचं डोकं टेकलेलं होतं. कमरेत कट्कन् आवाज आला. तीन आठवडे बाजेवर होते, पहिले चार दिवस तर मोरीपर्यंत जायलाही नणंदेचा खांदा लागायचा.

दाबणाऱ्याची चूक होतीच, असं मागून दाबायचं नसते कोणाला. पण बाजेवर पडल्या पडल्या मला जी गोष्ट खुपत राहिली ती ही, की आंगानं मला आधी सांगितलं होतं. दोन श्वास आधी. मी ऐकलं, आणि लोकांसाठी गप्प बसले.

त्याच्या पाचेक वर्षांनी आमच्या नात्यातले एक जण घरी आले, पतसंस्थेतून कर्ज घेत होते, जामीन पाहिजे होता. चहा झाला, गोड बोलणं झालं, कागद काढून समोर ठेवला. मिस्टर माझ्याकडे पाहून राहिले होते, वावर माझ्या नावावर होतं ना. आणि पेन हातात घेतला तर बाई, तोच श्वास थांबला. तिथंच, छातीच्या खाली, पश्चिमोत्तानासनात थांबला होता तिथंच. मी पेन ठेवून दिला आणि म्हटलं, मला एक दिवस द्या. दुसऱ्या दिवशी नाही म्हणून सांगितलं. दोन वर्षं त्यांच्या घरचं बोलणं बंद होतं, लग्नाची पत्रिका पण आली नाही, ते सोसलं. वावर मात्र वाचलं.

हे कोणतं आसन आहे म्हणशील तर मला नाव सांगता येत नाही. पण आलं तिथूनच, रोज सकाळच्या अर्ध्या तासातून.

आता तुझ्या मिस्टरांचा प्रश्न. दिवसभर वावरात वाकतेस, तुले योगा कायले पायजे. हा प्रश्न खोटा नाही, आणि गावात तो सगळेच विचारतात, म्हणून नीट सांगते. वेचणीत आपण वाकतो कसं? कमरेला ओटी बांधलेली, ती भरत जाते तसं वजन समोर येते, पाठ गोल होते, मान खाली, खांदे पुढं, आणि हात एकसारखे बोंडाकडे. सहा-सात तास एकाच दिशेनं. निंदणाला बसून तेच, चुलीपुढं तेच, मोबाईल पाहताना पण तेच. मागं वाकायचं काम शेतात एकही नाही, विचार करून पाहा, एकही नाही. कामानं आंग झिजते पण उघडत नाही. म्हणून जी बाई जास्त राबते तिला भुजंगासनाची, ताडासनाची गरज जास्त, कमी नाही. मिस्टरांना हेच सांग, बैलाचं उदाहरण देऊन सांग, दिवसभर जू ओढलं म्हणून संध्याकाळी कोणी त्याची मान चोळत नाही का? पोळ्याला तर लोणी-हळद लावून खांदे शेकतो आपण.

आणि त्याच वाकण्यामुळे हात बोटांना लागत नाहीत. आपण काम करताना पाठीतून वाकतो, कुल्ल्याच्या सांध्यातून नाही, तर मांडीच्या मागच्या शिरा वर्षानुवर्षं आखडलेल्याच राहतात. त्या दीड वर्षात सुटत नाहीत, आणि काही जणींच्या तर हाडाची ठेवणच अशी असते की कधीच पुरत नाही. एक चवाळं घडी करून बुडाखाली घे, गुडघे थोडे वाकलेले राहू दे, पोट मांडीकडे न्यायचं पाहा, डोकं नाही. बोटं जिथं आहेत तिथं राहू दे.

पतंजलींच्या सूत्रांमध्ये आसनाची व्याख्या काय आहे माहीत आहे? स्थिरसुखमासनम्. स्थिर आणि सुखाचं. बस एवढंच, बोटांचा कुठं उल्लेख नाही. जवळपास १९५ सूत्रांमध्ये आसनावर फक्त तीन आहेत, बाकी सगळं मनाबद्दल, श्वासाबद्दल, वागण्याबद्दल. २१ जूनच्या फोटोंमध्ये मात्र आसनंच दिसतात, कारण फोटो आसनाचाच निघतो. २०१५ पासून हा दिवस जगभर होतो, चांगलंच आहे, तुझ्यासारख्या बायांपर्यंत वर्ग त्यामुळेच पोचला. पण आपल्याकडे तेव्हा मृग लागलेला असतो, अर्धं गाव पेरणीच्या घाईत, म्हणून मला २२ च्या तीन झाल्याचं नवल वाटत नाही. तिघी टिकल्या याचं वाटते.

आणखी एक गोष्ट मला तुझ्या पत्रात दिसली, बोलू की नको असं झालं होतं पण बोलते. तू स्वतःला काट्यावर टाकून राहिली आहेस. दीड वर्ष, बोटं लागली नाहीत, राग गेला नाही, म्हणजे शून्य किलो. ही सवय आपल्याला वेचणीनं लावली आहे. संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढते, किलोच्या भावानं मजुरी, ज्या बाईचं जास्त भरलं तिच्याकडे सगळ्या पाहतात, आणि जिचं कमी भरलं ती मान खाली घालून पदर झटकते. मीही झटकला आहे. दिवसाचे सगळे तास असे मोजले जातात बाईचे, किती वेचलं, किती भाकरी झाल्या, किती पाणी भरलं, पोट्ट्यांना किती मार्क पडले. तुझ्या आख्ख्या दिवसात प्रार्थना मंदिरातला तो अर्धा तास एकच असा होता की ज्याचं वजन कोणी करत नव्हतं. तिथं पण तू काटा घेऊन गेलीस तर मग जागा कुठं राहिली गं तुला?

खरं सांगते, मी स्वतः ते शिकले २०१७ ला, बोंडअळीच्या वर्षी. बोंडं फोडली की आत गुलाबी अळी, कापूस कवडी झालेला, आमच्या पाच एकरांतली पऱ्हाटी आम्ही डिसेंबरातच उपटून टाकली. त्या हिवाळ्यात मी रोज पहाटे सपरीत बसायची. काही भेटावं म्हणून नाही, दुसरं काही सुचतच नव्हतं म्हणून. पहिले पंधरा दिवस तर डोळे मिटले की सोसायटीचा आकडाच दिसायचा. योगानं ते कर्ज फिटलं नाही, एक रुपया नाही फिटला, ते पुढं तीन वर्षं चणा आणि दूध विकून फेडलं. पण त्या वीस मिनिटांत मी कोणाची देणेकरी नव्हते. तेवढ्यावर दिवस निघायचा.

आता वेचणीचं काय करायचं ते बोलू. महिना झाला वर्गाला गेली नाही म्हणून तुटलं असं समजू नको. शास्त्रात नैरंतर्य सांगितलं आहे, खंड पडू देऊ नये, बरोबर आहे. पण त्याच सूत्रात दीर्घकाळ पण आहे आणि सत्कार पण आहे, म्हणजे आदरानं करणं. चार मिनिटं आदरानं केली तर खंड नाही असं मी मानते. पाणी प्यायला थांबता ना धुऱ्यावर, तेव्हा ओटी सोडून ठेव, दोन्ही हात कमरेवर, आणि हळूच मागं झुक, थोडंच, पाच श्वास. मग हात वर करून ताडासन. मग मुठी उघड-मीट, बोंडाच्या टोकांनी बोटं आखडून जातात. बाकीच्या बाया हसतील पहिले दोन दिवस. तिसऱ्या दिवशी एक जण विचारेल की कंबर मोकळी होते का हो, माझा अनुभव आहे.

घरी आल्यावर लगेच चुलीपुढं बसू नको, दहा मिनिटं पोरांना सांगून ठेव की आईला आवाज द्यायचा नाही. पालथी पडून मकरासन, दोन्ही हात डोक्याखाली, नुसती पड. मग भुजंगासन, बेंबी जमिनीलाच राहू दे, जास्त उचलू नको, तीनदा बस. मग सरळ होऊन गुडघे पोटाशी, मग शवासन. झोप लागली तर लागू दे. आणि मागं झुकताना कळ आली, किंवा कमरेतून पायात मुंग्या उतरून राहिल्या, बधिर वाटून राहिलं, तर हे सगळं थांबवून सरळ दवाखान्यात दाखव, त्यावर योगा करत बसायचं नाही. कपालभाती, भस्त्रिका हे जोरजोरात श्वासाचे प्रकार थकलेल्या आंगानं करूच नको, आणि बीपी असेल तर शिकवणाऱ्याला सांगितल्याशिवाय कधीच नको.

मिस्टरांचं. त्यांना योगाला लावायचं सोडून दे. माणूस ओढून नेला तर सतरंजीवर बसते पण येत नाही. रात्री तू आपली भ्रामरी करत जा त्यांच्या बाजूला, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा ती, हळू आवाजात, किंवा नुसता श्वास लांब सोडत जा, बोलू नको काही. ऐकून ऐकून त्यांचाही श्वास लांब होतो कधी कधी. पण बाई, हे झालं साध्या झोपेचं. किती दिवसांपासून झोपत नाहीत ते तू लिहिलं नाहीस आणि मला त्याचीच काळजी लागून राहिली आहे. दोन-तीन आठवडे झाले असतील, जेवण सुटलं असेल, गप्प गप्प राहत असतील, माझ्यामागं तुम्ही कसं कराल असं काही बोलून गेले असतील, तर त्याला योगा म्हणजे उत्तर नाही. सरळ विचार त्यांना, मनात काही वाईट येते का म्हणून. विचारल्यानं ते डोक्यात येत नाही, उलट मोकळं होते. फवारणीचं औषध घरात असेल तर आजच बाहेर काढ, त्यांच्या हाताला लागणार नाही असं. आशाताईंना सांग, त्या रुग्णालयात कुठं न्यायचं ते सांगतील, आणि १४४१६ हा सरकारचा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीचा नंबर आहे, फुकट आहे, रात्री-बेरात्री पण लागतो, मराठीत बोलता येते. तू पण करू शकतेस फोन, त्यांच्यासाठी काय करू म्हणून. यात लाजायचं काही नाही, आणि हे वेचणी संपेपर्यंत थांबवू नको.

राहिल्या सासूबाई. माफी मागितली का नाही ते तू लिहिलं नाहीस. मागितली नसेल तर शब्दांनी मागायची गरज नाही, आपल्याकडच्या सासवांना सुनेनं सॉरी म्हटलं तर त्यांनाच अवघडल्यासारखं होते. त्यांचं वय पाहता गुडघे दुखत असतीलच. संध्याकाळी त्या बाजेवर पाय सोडून बसल्या की शेजारी बस, आणि एक पाय सरळ उचलून धरायचा, पाच मोजायचे, खाली ठेवायचा, मग दुसरा, असं आठ-दहा वेळा, हे त्यांच्यासोबत कर. मांडीला जोर आला की गुडघ्यावरचा भार कमी होतो. त्या आधी म्हणतील, मले काय करायचं हाय आता या वयात. तू काही बोलू नको, आपला पाय उचलून धर, त्या उचलतील.

प्रार्थना मंदिरात त्या दोघी अजून जातात ना? त्यांना सांगून ठेव की तुझी सतरंजी तिथंच राहू द्या. उलंगवाडी झाली, कापसाचा हंगाम संपला, की मला पुन्हा लिही, मिस्टरांच्या झोपेचं मात्र त्याच्या आधी लिही, आणि सासूबाईंनी पाय उचलला का तेही.